सड्यावर गाडी

११ जानेवारी, रविवार

आज जेवणाच्या ताटावर भांडण झालं. ताट मी ढकललं नाही, पण ढकलावंसं वाटलं. खताच्या दुकानदाराने फुकट दिलेली ही डायरी कोरी पडली होती, म्हटलं रागाचा काहीतरी उपयोग होऊ दे. तोंडाने मी नवऱ्याचं नाव घेत नाही, पण इथे सुशांत असंच लिहिणार. इथे कोण बघायला येतंय.

सुशांतने बाग द्यायचं ठरवलंय. सड्यावरची, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावरची, आमची हापूसची बासष्ट कलमं, दहा वर्षांच्या कराराने, खारेपाटणच्या हिर्लेकर शेठना. मला न विचारता शब्द देऊन मोकळा. कारण काय, तर आंबा खाली आणायला माणूस नाही. ते खोटं नाही. वाडीपासून सडा दीड मैल, सगळा चढ, आधी व्हाळाचा ओढा, मग खड्या उताराची घाटी. पूर्वी शेजारची हौसाबाई, तुळसा आणि आणखी चारजणी डोक्यावर पाट्या घेऊन उतरायच्या. तुळसा मुलाकडे पुण्याला गेली, हौसाबाईचे गुडघे गेले. दोन वर्षांपूर्वी पाटी घेऊन मीच घसरले आणि उजवा हात मोडून घेतला.

पण कराराने घेतलेल्या बागांचं काय होतं ते मी पाहिलंय. मुळाशी मोहोराचं औषध ओततात, दहा वर्षं झाड पिळतात आणि मग खराटे परत देतात. यातली चाळीस कलमं मी माझ्या हाताने बांधलीत, घागरीने पाणी घालून जगवलीत. सुशांत हायस्कुलात शिपाई. शेवटची घंटा दिली की त्याचा दिवस संपला. त्याला झाडांचं काय कळणार?

मी म्हटलं, एक हंगाम द्या. जुन्या चिरेखाणीवर लॉऱ्या जायच्या ती वाट मोडली असली तरी अजून आहे. मी गाडीने आंबा खाली आणते. नाही जमलं तर अक्षय्य तृतीयेला शेठ कागद घेऊन येतील तेव्हा तोंड उघडणार नाही. त्याने भात कालवला. मग म्हणाला, "बरा. पन डोक्यार एक पाटी घेवची नाय." एवढी एकच अट. काय माणूस आहे कोण जाणे.

१४ जानेवारी, संक्रांत

इन्सुलीहून पिकअप आणली. माझा भाऊ परशुराम तिच्यातून आठ वर्षं गोव्याला भाजी नेत होता, आता त्याने नवी घेतली. लग्नाआधी मी त्याच्याच टेम्पोवर शिकले, लायसन तेव्हापासूनचं आहे. या गाडीला गिअरच्या बाजूला आणखी एक छोटा दांडा आहे, तो ओढला की चारही चाकं जोर लावतात. परशुरामाला त्याची गरज कधी पडलीच नव्हती.

गाडी अंगणात लावली. सुशांतने तिळगूळ घेतला, गाडीभोवती एक फेरी मारली, आणि मग घरातला टेप आणून डाव्या टायरपासून उजव्या टायरपर्यंतचं अंतर मोजत बसला. कागदावर लिहूनही घेतलं. मी विचारलं तर म्हणे सहज. विकायचा विचार असेल. मी पण बघते कसा विकतो ते.

१८ जानेवारी, रविवार

हसं झालं. व्हाळाच्या मधोमध रेड्याचा धोंडा म्हणून एक दगड आहे, रेडा बसल्यासारखा. मला वाटलं गाडी त्याच्या बगलेतून जाईल. गेली नाही. खालून ठाण् करून आवाज आला आणि इंजिनाच्या तेलाचं भांडं, ज्याला मेकॅनिक चेंबर म्हणतात, ते फुटलं. व्हाळभर काळं तेल. परशुरामाने दुसरी गाडी आणून दोरखंडाने ओढत खाली नेली आणि वाटेत एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

हौसाबाई पायरीवर बसूनच म्हणाली, उतावळी नवरी नि गुडघ्याक बाशिंग. वर हेही म्हणाली, की व्हाळातल्या राखणदाराला न सांगता वर गेलीस तर दुसरं काय होणार. हे मात्र मला लागलं. राखणदार म्हणजे जागेचा देव, त्याला सांगितल्याशिवाय आमच्याकडे कोणी गवत कापायलासुद्धा सड्यावर जात नाही. मी घाईत विसरले होते.

२५ जानेवारी, रविवार

गाडी तोंडवलीला ओमकारकडे टाकली. हा ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतो. गाड्यांचे मेकॅनिक दोघे बघितले, दोघांनीही बाईमाणूस गाडी सड्यावर नेणार म्हटल्यावर एकमेकांकडे बघितलं. ओमकारने बघितलं ते गाडीकडे. पाठीवर आडवा होऊन तिच्याखाली शिरला आणि आतूनच बोलायला लागला. "होडी काय नि गाडी काय, काकीनू, दोघांयचो जीव पोटाखाली. पयला पोट सांभाळूक व्हया."

चेंबर नवा. त्याच्याखाली मोडीत काढलेल्या ट्रॉलरचा जाड पत्रा, नटबोल्टने बसवलेला, म्हणजे दगड लागला तर पत्र्याला लागेल. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक पाटा जास्त. पुढे ओढायला भक्कम हूक. टायर मापाचेच पण खोल खाचांचे. गाडी वीतभर उंच करून दे असा माझा हट्ट होता. त्यासाठी मी चांगली साडी नेसून आरटीओच्या ऑफिसात विचारायलाही गेले. तिथल्या साहेबांनी शुद्ध भाषेत समजावलं की, ताई, परवानगीशिवाय गाडीची उंची आणि टायरचं माप बदलता येत नाही. मीही शुद्ध भाषेत ठीक आहे म्हटलं आणि बाहेर येऊन कपाळावर हात मारला. गाडी उंच होत नाही तर दगड ठेंगणे व्हायला हवेत. ते कोण करणार?

३ फेब्रुवारी, मंगळवार

राखणदाराकडे जाऊन आले. व्हाळाच्या काठाला किंजळीच्या झाडाखाली त्याचा पाषाण आहे. नारळ, पानविडा, बिडीचं बंडल. सुशांत शाळेत जायच्या आधी सामान धरायला आला. पाषाणासमोर उभी राहून मी गाऱ्हाणं घातलं: "बा राखणदारा म्हाराजा, ह्या वाटेर लेकरू गाडी घेवन चढूक बघता. जो काय आडथळो आसात तो बाजूक कर, धोंडो आसात तो फोड, नि लेकराक सुखरूप वर-खाली कर रे म्हाराजा."

गाऱ्हाण्याला मागून चार माणसांनी 'होय म्हाराजा' म्हणावं लागतं. मागे फक्त सुशांत. मला वाटलं विसरला. मग हळूच म्हणाला, "होय म्हाराजा." आवाज दाटला होता. अगरबत्तीचा धूर गेला असेल नाकात.

काम झालं तर पाच नारळ देईन असं बोलून आले.

९ फेब्रुवारी, सोमवार

ही गोष्ट कोणाला सांगणार नाही, पण सगळ्यांनी पाहिलीच आहे. ओमकारने गाडीच्या पोटाला गंज लागू नये म्हणून रेड ऑक्साइडचा रंग मारला होता. मला वाटलं खाऱ्या वाऱ्याला एवढ्याने काय होतं. आमचे बाबा काजूच्या टरफलांचं तेल घराच्या वाशांना लावायचे, होडीवालेही लावतात, लाकूड वर्षानुवर्षं टिकतं. काजूच्या कारखान्यातून डबाभर आणलं आणि शनिवारी गाडीखाली शिरून ब्रशने सगळीकडे चोपडलं. सुशांत लांब विहिरीपाशी उभा होता. त्या तेलाचा वारा लागला तरी त्याच्या अंगावर उठतं, तो काजी सोलायलासुद्धा बसत नाही.

आज गाडी व्हाळाच्या काठापर्यंत नेली. सायलेन्सर तापला आणि खालून असा धूर निघाला की डोळे उघडेनात. हौसाबाईने गाडी पेटली म्हणून वाडी गोळा केली. माझ्या दोन्ही हातांवर आणि गालावर तेल लागून चट्टे उठलेत, खोबरेल लावून बसलेय. काजूत जन्म गेला आणि मला हे कळू नये?

ओमकारला फोन केला. तो हसला नाही, त्याबद्दल देव त्याचं भलं करो. म्हणाला, "तेल होडयेक बरा, काकीनू. होडयेक खालसून सायलेन्सर नसता." गाडी परत घेऊन या, सगळं खरवडून काढू, असं म्हणाला.

२२ फेब्रुवारी, रविवार

राखणदार पावला. गाडी तोंडवलीला आहे म्हणून आज चालतच वाट बघायला गेले, तर व्हाळातले बारके दगड बाजूला झालेत. मोठे दोन-तीन होते तेही कडेला. पावसाशिवाय दगड हलत नाहीत, आणि पाऊस तर नाही. हात जोडून उभी राहिले, अंगावर काटा आला.

घरी येऊन सुशांतला सांगितलं. तो म्हणाला, "मगे? देव तो." आणि पाणी प्यायला आत गेला. त्याला हल्ली शाळेत दहावीच्या परीक्षेची बाकं लावायचं काम आहे, रविवारीही जातो. विजार लाल मातीने भरून येते. हायस्कुलाचं मैदान लाल मातीचंच आहे म्हणा. तळहातांवर फोड आलेत. म्हणे काजूचं तेल लागलं. तेल मी लावलं, हा तर विहिरीपाशी होता. डब्याला हात लावला असेल, माझं ऐकतो कधी?

आणखी एक. पडवीतली पहार चार दिवस दिसत नव्हती. हौसाबाईच्या मुलाने नेली असणार म्हणून मी तिला दोन शब्द सुनावले. ती नुसती हसत राहिली. आज पहार जागेवर आहे, पण टोक वाकलंय. माणसं दुसऱ्याची वस्तू कशी वापरतात बघा.

८ मार्च, रविवार

आज पहिल्यांदा गाडी सड्यावर गेली. रेड्याचा धोंडा दुभंगलाय! मधोमध दोन तुकडे, बाजूला सरकलेले. भोवती राख आणि काळे डाग. गुराख्यांनी तिथे काजी भाजल्या असतील. पण आमचे जुने लोक दगड फोडायचे ते असेच, जाळ करून तापवायचे आणि वर थंड पाणी ओतायचे. राखणदारही जुनाच, त्याला हीच रीत माहीत असणार. आणि गंमत म्हणजे व्हाळात सपाट दगडांच्या दोन ओळी बसल्यात, बरोबर गाडीच्या चाकांच्या अंतरावर. देवाला हे माप कसं कळलं याचं मला नवल वाटलं, मग मीच स्वतःला म्हटलं, देवाला काय अवघड.

वर गेले तेव्हा रडू आलं. बासष्टच्या बासष्ट कलमांना भेटले. गाडीच्या टपावर उभी राहून उंच फांदीवरचा आंबासुद्धा हाताने चाचपला.

उतरताना मात्र माज उतरला. आंब्यांच्या जागी अंड्यांचा एक ट्रे ठेवून परीक्षा घेतली. तीस अंड्यांतली सतरा फुटली. अंड्यांचं हे तर हापूसचं काय होईल? वरून डाग दिसत नाही, पण मार लागलेलं फळ आढीत सडतं आणि शेजारच्यालाही सडवतं. दोन दिवस घरात अंड्याचा पोळाच पोळा आहे. सुशांत निमूट खातो.

१९ मार्च, पाडवा

चूक सापडली. दगडात जायचं म्हणून मी टायरांत हवा ठासून भरत होते, टायर कडक तर गाडी घट्ट असा माझा समज. ओमकार म्हणाला उलट करा, चढायच्या आधी हवा कमी करा, टायर दगडाला धरून बसेल. डांबरी रस्त्यावर यायच्या आधी पंपाने परत भरा. त्याने मागच्या हौद्यात मासेमारीचं जुनं जाळं ताणून बांधून दिलं, क्रेट त्याच्यावर ठेवायचे, मध्ये गवताचे पेंढे. आज गुढी उभारून लगेच गाडी काढली. तीस अंड्यांतली तीन फुटली. त्यातलं एक मीच ठेवताना फोडलं होतं.

हौसाबाईला एक अंडं नेऊन दिलं. म्हटलं हे घाटी उतरून आलंय. तिने ते बराच वेळ हातात धरलं.

२ एप्रिल, गुरुवार

आज मन ठीक नाही. आंबा पंधरा दिवसांत उतरवण्याजोगा होईल. रिकामी गाडी उतरवणं वेगळं आणि भरलेली उतरवणं वेगळं. घाटीत एक वळण आहे, डाव्या हाताला सरळ दरी. मी तिथेच घसरले होते. गाडी रिकामी असली तरी त्या वळणावर माझा उजवा हात दुखायला लागतो. हे सगळं मी झाडांसाठी करतेय की नवऱ्यापुढे हरायचं नाही म्हणून? खरं सांगायचं तर मला माहीत नाही. सुशांतचंही खरं असेल. बाग दिली तर निदान उन्हाळ्यात सावलीला बसता येईल.

रात्री जेवताना त्याला म्हटलं, तुम्हाला बाग कधीच आवडली नाही. तो म्हणाला, "बागेचा काय नाय. त्या घाटयेरसून मी तुका एकदा पाठीर घेवन खाली हाडलंय. माका परत हाडूचा नाय." आणि हात धुवायला उठला. बागेबद्दल विचारलं तर घाटीचं सांगतो. सरळ उत्तर म्हणून द्यायचं नाही.

१६ एप्रिल, गुरुवार

हे आजच लिहायला हवं.

पहाटेपासून तोड केली. दुपारी बाराच्या आत चोवीस क्रेट भरले. सुशांत सकाळी माझ्याबरोबर वर आला, शाळेत उशिरा जाईन म्हणाला. मला वाटलं क्रेट उचलायला आलाय.

पहिल्या गिअरात, ब्रेकला फारसा पाय न लावता, उतरत आले. वळणावर मागचं वजन पुढे रेटायला लागलं. मागचं चाक बारीक खडीवर गेलं आणि गाडी हातभर दरीकडे सरकली. मी ब्रेक दाबला आणि थांबले. तिथून पुढे मला काहीच सुचेना. हात स्टिअरिंगला चिकटले. काचेतून दरीच दिसत होती. मला वाटलं आता उतरावं, गाडी इथेच सोडावी, बाग देऊन टाकावी.

सुशांत चालत पुढे आला आणि गाडीच्या समोर उभा राहिला. बरोबर समोर, जिथे गाडी सुटली असती तर पहिला तोच गेला असता. मी त्याला बाजूला व्हा म्हणून ओरडले. तो हलला नाही. म्हणाला, "माज्याकडे बघ. चाकाकडे बघू नको. पाय हळूहळू सोड."

आणि तो माझ्याकडे तोंड करून, पाठीपाठी, घाटी उतरायला लागला. एका हाताने डावीकडे, एका हाताने उजवीकडे खुणा. पूर्ण घाटी आणि अख्खा व्हाळ. मागे एकदाही वळून बघितलं नाही. कुठला दगड कुठे आहे ते त्याच्या टाचांना माहीत होतं. मी फक्त त्याचं तोंड बघत गाडी आणली. खाली आल्यावर विचारलं, तुम्हाला एवढी वाट कशी पाठ? तो म्हणाला, राखणदाराने सांगितली. मला राग आला. गाऱ्हाणं मी घातलं, नारळ मी बोलले, आणि राखणदार बोलतो याच्याशी.

चोवीस क्रेटांतली फक्त सात फळं दबली. पाच नारळ संध्याकाळी देऊन आले.

१९ एप्रिल, अक्षय्य तृतीया

हिर्लेकर शेठ अकरा वाजता आले. सरबत घेतलं. माणूस वाईट नाही, आढीतली फळं उलटून पालटून बघितली आणि उत्तम आहेत म्हणाले. तरी कागद काढून ठेवलाच. म्हणाले, वहिनी, एक खेप झाली, पण व्हाळातून गाडी रोज कशी जाणार? मी सांगायला लागले, राखणदाराने दगड कसे सारले, रेड्याचा धोंडा कसा फोडला.

पायरीवर बसलेली हौसाबाई हसायला लागली. हसता हसता तिला खोकला आला. मग म्हणाली, "अगो बाये, राखणदार तुज्याच घरात रवता. दोन म्हयने तो व्हाळात धोंडे फोडता हा. आख्खी वाडी आयकता, तूच तेवडी भायर."

मी सुशांतकडे बघितलं. तो खाली बघत होता. त्याच्या हातांकडे बघितलं. फोडांच्या जागी आता घट्टे पडलेत. टेप, पहार, लाल विजार, रविवारची शाळा, सगळं एकदम डोक्यात आलं. दोन महिने मी या माणसाच्या शेजारी जेवले आणि इथे त्याच्याबद्दल काय काय लिहून ठेवलं! ती पानं फाडावीशी वाटली. फाडणार नाही. माझा मूर्खपणा माझ्याकडे राहू दे.

सुशांत एवढंच बोलला, "शेठ, कागद परत न्हेवा. वाट झाली." शेठनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं, कागद पिशवीत घातला आणि आंब्याची एक पेटी मागून घेतली.

ते गेल्यावर मी आत जाऊन रडले. मग रागाने बाहेर आले. म्हटलं, "माका सांगूक काय झाला होता तुमका?" बाग देऊ नये असं वाटत होतं तर शब्द कशाला दिला? आणि द्यायचीच होती तर दगड कशाला फोडले?

तो पडवीत बसून पहारीचं वाकलेलं टोक दगडावर ठोकून सरळ करत होता. ठोकायचा थांबला नाही. म्हणाला, "बाग दिली तर तू घाटी चढूची थांबशीत, असा वाटला होता. मगे तू गाडी हाडलंस. तेवा समाजला, तू काय थांबतलंस नाय. तू चढतलंसच. मगे वाट तरी बरी होवची."

मी त्याच्या शेजारी बसले. पहार धरून ठेवली, म्हणजे त्याला ठोकायला बरं पडेल.

उद्या दुसरी तोड. त्याने रजेचा अर्ज दिलाय.